नव्या वेबतंत्राची जुनी शिस्त : वर्धा जिल्ह्यातील ग्रंथालयांच्या निमित्ताने

ग्रंथालय म्हणजे पुस्तकांचा साठा ही समजूत जितकी रूढ आहे तितकीच अपुरी आहे. कारण साठा कोणत्याही कोठारात असू शकतो, पण विशिष्ट वाचकाला, त्याच्या गरजेच्या वेळी, हवा असलेला नेमका ग्रंथ मिळवून देणारी व्यवस्था जिथे असते, त्याच जागेला ग्रंथालय म्हणता येते. ही व्यवस्था आजवर दाखल नोंदवही, वर्गीकरण, तालिका आणि देवघेव या चार खांबांवर उभी होती. गेल्या तीन दशकांत तिच्यात वेबची, म्हणजे इंटरनेटवरील परस्परांशी जोडलेल्या पानांच्या जाळ्याची भर पडली आणि ग्रंथपालासमोर एक नवा प्रश्न आला : सतत येणाऱ्या नव्या साधनांपैकी कोणते स्वीकारावे, केव्हा स्वीकारावे आणि कोणत्या कसोटीवर स्वीकारावे?

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी वर्धा जिल्हा विशेष सोयीचा आहे, कारण आठ तालुक्यांच्या या जिल्ह्यात एकमेकांपासून अगदी भिन्न प्रकारची ग्रंथालये जवळजवळ नांदतात. सेवाग्रामला डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये स्थापन केलेल्या वैद्यकीय महाविद्यालयाचे ग्रंथालय आहे. वर्ध्याला संसदेच्या कायद्याने स्थापन झालेले महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय १९९७ पासून आहे. १९३६ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रभाषा प्रचार समिती आहे. गांधी आणि विनोबा यांच्या दीर्घ वास्तव्यामुळे त्यांच्याशी निगडित साहित्याचे महत्त्व इथे अनन्यसाधारण आहे. आणि तालुक्यातालुक्यांत महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७ अन्वये ‘अ’ ते ‘ड’ या वर्गांत विभागलेली शासनमान्य सार्वजनिक वाचनालये आहेत. या सर्वांसमोर वेब एकच आहे, पण प्रत्येकाची गरज, भाषा आणि ऐपत वेगळी आहे. म्हणूनच कोणी किती आधुनिक झाले याची तुलना येथे फारशी उपयोगी ठरत नाही; नवे साधन ग्रंथालयाच्या कोणत्या जुन्या शिस्तीवर उभे आहे, हे पाहणे अधिक उद्बोधक ठरते.

तालिकापत्रापासून वेबपर्यंत

ग्रंथालयातील संगणकीकरणाची सुरुवात वेबच्या कितीतरी आधी झाली. अमेरिकेतील लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हेन्रिएट अव्हराम यांनी १९६० च्या दशकात ‘मार्क’ ही नोंदपद्धती विकसित केली. तालिकापत्रावर लेखक, शीर्षक, प्रकाशक, वर्ष इत्यादी माहिती ज्या ठरावीक क्रमाने लिहिली जाते, तो क्रम संगणकाला ओळखता यावा म्हणून माहितीच्या प्रत्येक घटकाला स्वतंत्र क्रमांक देणे, हे या पद्धतीचे मर्म होते. पुढे टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये मांडलेली वेबची कल्पना १९९१ पासून सर्वांसाठी खुली झाली, तेव्हा ग्रंथालयांच्या या सुबक नोंदी वेबवर मांडणे तुलनेने सोपे गेले आणि ‘ओपॅक’ म्हणजे वाचकाला घरबसल्या पाहता येणारी तालिका हे ग्रंथालयांचे पहिले महत्त्वाचे वेबसाधन ठरले.

यानंतरचा टप्पा २००४ च्या सुमारास ‘वेब २.०’ या नावाने ओळखला जाऊ लागला. आधीच्या वेबवर वाचक केवळ वाचत असे. आता तो लिहू लागला, अभिप्राय नोंदवू लागला आणि दुसऱ्याने केलेल्या नोंदीत भर घालू लागला. मायकेल केसी यांनी २००५ मध्ये हीच कल्पना ग्रंथालयांना लावून ‘लायब्ररी २.०’ ही संज्ञा रूढ केली. वाचकाने पुस्तकाला स्वतःचे विषयशब्द द्यावेत, नव्या ग्रंथांची वार्ता त्याच्याकडे आपोआप पोहोचावी आणि सेवा कशी असावी हे ठरवण्यात त्याला वाटा मिळावा, असा या विचाराचा आशय होता. तो आशय आजही मोलाचा आहे. मात्र त्या काळी उत्साहाने स्वीकारलेली काही साधने टिकली नाहीत. नव्या मजकुराची वार्ता एकत्र गोळा करणारी ‘गूगल रीडर’ ही सेवा जुलै २०१३ मध्ये आणि भारतीय तरुणांच्या ओळखीची ‘ऑर्कुट’ ही सेवा सप्टेंबर २०१४ मध्ये बंद झाली. अशा साधनांवरच सर्वस्वी विसंबलेल्या सेवेची परंपरा एका दिवसात तुटते. सेवा कोणत्याही साधनातून दिली तरी तिच्या मूळ नोंदी ग्रंथालयाच्या स्वतःच्या ताब्यात, दुसऱ्या प्रणालीत नेता येतील अशा स्वरूपात असाव्यात, हा धडा त्यातून मिळाला.

याच कारणाने मुक्त प्रणालींना महत्त्व आले. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ या ग्रामीण भागातील ग्रंथालय न्यासासाठी तयार झालेली आणि जानेवारी २००० मध्ये वापरात आलेली ‘कोहा’ ही प्रणाली आज जगभर वापरली जाते. माओरी भाषेत ‘कोहा’ म्हणजे परतफेडीची भावना जागवणारी भेट. ही प्रणाली कोणालाही विनामूल्य घेता येते, बदलता येते आणि सुधारणा इतरांना देता येते. भारतात राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने ‘ई-ग्रंथालय’ आणि गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने ‘सोल’ या प्रणाली ग्रंथालयांसाठी तयार केल्या. प्रणाली विनामूल्य असली तरी ती चालवणारे मनुष्यबळ विनामूल्य नसते, हे मात्र या संदर्भात विसरून चालत नाही. सर्व्हरची निगा, नोंदींची सुरक्षित प्रत ठेवणे आणि कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण यांचा खर्च दरवर्षी येतो. लहान ग्रंथालयांचे निर्णय बहुधा इथेच अडतात.

स्वीकाराचे शास्त्र आणि शेतकऱ्याची कसोटी

एखादी नवी गोष्ट समाजात कशी पसरते याचा सर्वांत प्रभावी सिद्धांत ग्रंथालयातून आला नाही, तो शेतीच्या अभ्यासातून आला. आणि कापसाच्या शेतीवर जगणाऱ्या वर्धा जिल्ह्याला तो सहज समजण्यासारखा आहे. अमेरिकेतील आयोवा राज्यात ब्राइस रायन आणि नील ग्रॉस या समाजशास्त्रज्ञांनी संकरित मक्याच्या बियाण्याचा प्रसार अभ्यासला आणि १९४३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. २५९ शेतकऱ्यांपैकी दोघे वगळता सर्वांनी ते बियाणे १९४१ पर्यंत स्वीकारले होते, पण बहुतेकांनी ते आधी थोड्याशा जमिनीत पेरून पाहिले होते. बियाण्याची पहिली वार्ता विक्रेत्याकडून मिळत असली तरी खात्री शेजारच्या शेतकऱ्याच्या अनुभवाने पटत होती. या आणि अशा अभ्यासांच्या आधारे एव्हरेट रॉजर्स यांनी १९६२ मध्ये नवप्रवर्तनाच्या प्रसाराचा सिद्धांत मांडला. नवी गोष्ट जुन्यापेक्षा फायद्याची आहे का, चालू पद्धतीशी ती जुळते का, समजायला ती किती अवघड आहे, थोड्या प्रमाणात करून पाहता येते का आणि तिचे फळ इतरांना दिसते का, या पाच गोष्टींवर स्वीकाराचा वेग अवलंबून असतो, असे त्याचे सार आहे. पुढे १९८९ मध्ये फ्रेड डेव्हिस यांनी संगणकाच्या वापरापुरते हेच अधिक थोडक्यात सांगितले : माणसाला साधन उपयोगी वाटले आणि सोपे वाटले, तर तो ते वापरतो.

ग्रंथपालाच्या कामाला हे निकष लावले की काही गोष्टी स्पष्ट होतात. संपूर्ण संग्रहाच्या संगणकीकरणासाठी वर्षानुवर्षे निधीची वाट पाहण्यापेक्षा स्थानिक इतिहासाचे एखादे कपाट किंवा स्पर्धा परीक्षांचा विभाग निवडून त्याच्या नोंदी आधी पूर्ण करणे, म्हणजेच आपल्या शेतातल्या एका तुकड्यावर नवे बियाणे पेरून पाहणे. त्याचा लाभ शेजारच्या वाचनालयाच्या ग्रंथपालाने डोळ्यांनी पाहिला की त्याला परिपत्रकाची गरज उरत नाही. वरून आलेल्या आदेशाने संगणक खोलीत येतो. त्याचा वापर मात्र एका ग्रंथपालाने दुसऱ्याला दिलेल्या अनुभवाच्या ग्वाहीने सुरू होतो. एखादा ग्रंथपाल नवे साधन स्वीकारत नाही तेव्हा त्याला मागासलेला म्हणणे सोपे असते, पण पुष्कळदा त्याने या पाचही निकषांवर विचार करून दिलेला तो सुज्ञ नकार असतो.

तीन प्रकारची ग्रंथालये, तीन प्रकारच्या गरजा

वैद्यकीय ग्रंथालयात वेबचा स्वीकार सर्वांत आधी आणि सर्वांत वेगाने झाला, याचे कारण तेथील वाचकाच्या गरजेत आहे. रुग्णावर उपचार करणाऱ्या डॉक्टरला दहा वर्षांपूर्वीचे पाठ्यपुस्तक पुरत नाही, ताजे संशोधन लागते. अशा संशोधनाची ‘इंडेक्स मेडिकस’ ही छापील सूची १८७९ पासून निघत असे आणि तिच्या जाडजूड खंडांतून विषयवार शोध घेणे हे वैद्यकीय ग्रंथपालाचे खास कौशल्य मानले जाई. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने जून १९९७ मध्ये ‘पबमेड’ ही शोधसेवा जगासाठी विनामूल्य खुली केली, तेव्हा हा शोध काही सेकंदांवर आला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २००७ मध्ये राष्ट्रीय परवाना घेतल्याने ‘कॉक्रेन लायब्ररी’ ही, एकाच प्रश्नावरील अनेक संशोधनांचा काटेकोर एकत्रित आढावा देणारी सेवा, भारतातील कोणालाही मोफत उपलब्ध झाली. सेवाग्रामसारख्या ग्रामीण वैद्यकीय संस्थेच्या दृष्टीने याचा अर्थ मोठा होता. महानगरातील रुग्णालयाच्या ग्रंथालयात जे वाचायला मिळते तेच गावखेड्यातील रुग्णांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरलाही वाचता येऊ लागले. त्यामुळे ग्रंथपालाचे काम मात्र संपले नाही, ते बदलले. हजारो निष्कर्षांतून विश्वासार्ह कोणते, प्रश्न कोणत्या शब्दांत विचारला असता नेमके उत्तर हाती येते आणि पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके कशी ओळखावीत, हे शिकवणे ही आता त्याची मुख्य सेवा झाली आहे.

विद्यापीठ आणि महाविद्यालयांच्या बाबतीत वेबने संग्रहाची व्याख्याच बदलली. इन्फ्लिबनेटच्या ‘शोधगंगा’ या भांडारात देशभरातील विद्यापीठांचे पीएच.डी.चे प्रबंध एकत्र आले, तर ‘एन-लिस्ट’ या योजनेमुळे अनुदानित महाविद्यालयांना अल्प वार्षिक शुल्कात हजारो नियतकालिके आणि ई-पुस्तके पाहता येऊ लागली. केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेली ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही योजना १ जानेवारी २०२५ पासून सुरू झाली असून, केंद्र व राज्य सरकारांच्या सुमारे ६,३०० संस्थांना ३० प्रकाशकांची जवळपास १३,००० नियतकालिके एकाच वर्गणीतून देण्याची तिची मांडणी आहे. वर्ध्याचे हिंदी विश्वविद्यालय याहून एक पाऊल पुढे गेले. ‘हिंदीसमय’ या संकेतस्थळावर त्याने हिंदी कथा, कादंबऱ्या, कविता आणि नाटके वाचकांसाठी विनामूल्य ठेवली. वेबवरील साहित्य घेणे आणि आपल्या भाषेचे साहित्य वेबला देणे यांत मोठे अंतर आहे, आणि भाषेचे भवितव्य या दुसऱ्या कामावर अधिक अवलंबून असते.

गावातील वाचनालयाची स्थिती निराळी आहे. तेथे बहुधा एकच ग्रंथपाल असतो, मानधन अत्यल्प असते आणि सायंकाळच्या काही तासांत वृत्तपत्रे, मासिके व पुस्तकांची देवघेव सांभाळायची असते. अशा ठिकाणी प्रत्यक्ष रुजलेले वेबतंत्र म्हणजे मोबाइलवरील व्हॉट्सॲप होय. नव्या पुस्तकांच्या मुखपृष्ठांची छायाचित्रे सभासदांच्या गटावर पाठवणे, मुदत संपल्याची आठवण देणे, एखाद्या भरतीच्या जाहिरातीची वार्ता पोहोचवणे ही कामे त्यावर सहज होतात. रॉजर्स यांच्या पाचही कसोट्यांना हे साधन उतरते, म्हणूनच ते कोणत्याही प्रशिक्षणाविना स्वीकारले गेले. त्याची मर्यादा अशी की गटावरील माहिती चार दिवसांत मागे पडते आणि पुन्हा शोधणे अवघड जाते. ते निरोपाचे साधन आहे, तालिकेचे नाही. सभासदांचे दूरध्वनी क्रमांक गटात सर्वांना दिसतात, त्यामुळे त्यांची संमती घेणे आणि कोण काय वाचतो हे गटावर जाहीर न करणे, ही दक्षताही ग्रंथपालाच्या नीतीचाच भाग आहे.

नावाचा प्रश्न : सेगाव, शेगाव आणि वऱ्हाड

वेबवरील शोध अक्षरांवर चालतो, अर्थावर नव्हे. निदान ग्रंथतालिकेच्या शोधखिडकीत तरी अजून तसेच घडते. याचे सर्वांत बोलके उदाहरण खुद्द सेवाग्राम आहे. गांधी १९३६ मध्ये तेथे राहायला गेले तेव्हा गावाचे नाव सेगाव होते. बुलढाणा जिल्ह्यातील शेगावशी होणाऱ्या साधर्म्यामुळे टपालाचा घोटाळा होऊ लागला आणि १९४० मध्ये गावाचे नाव सेवाग्राम करण्यात आले. जो घोटाळा तेव्हा टपालखात्यात होत होता तोच आज शोधखिडकीत होतो : ‘सेवाग्राम’ हा शब्द टाकून शोधणाऱ्या अभ्यासकाला १९३६ ते १९४० या काळातील ‘सेगाव’ असा पत्ता असलेली पत्रे सापडत नाहीत आणि ‘सेगाव’चे अक्षर किंचित चुकले की तो थेट गजानन महाराजांच्या शेगावात पोहोचतो. ग्रंथालयशास्त्रात यावर फार पूर्वीपासून उपाय आहे. एका स्थळाचे किंवा व्यक्तीचे एक प्रमाण नाव निश्चित करायचे आणि इतर सर्व नावांखाली ‘सेगाव, पाहा सेवाग्राम’ अशी नोंद करायची. विनायक नरहरी भावे, आचार्य विनोबा आणि विनोबा भावे ही तीन नावे एकाच व्यक्तीची आहेत, हे संगणकाला कोणीतरी एकदा सांगावे लागते. तालिकापत्रांच्या काळात ग्रंथपाल ते काम करत असे आणि वेबच्या काळातही ते त्यालाच करावे लागते.

मराठीपुरते या प्रश्नाला आणखी काही पदर आहेत. युनिकोड ही प्रत्येक लिपीतील प्रत्येक अक्षराला एकच जागतिक क्रमांक देणारी व्यवस्था असून तिची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये आली. परंतु त्यानंतरही दीर्घकाळ मराठी मजकूर निरनिराळ्या खासगी फाँटमध्ये टंकित होत राहिला, जो पडद्यावर मराठी दिसतो पण शोधात सापडत नाही, कारण संगणकाच्या लेखी ती इंग्रजी चिन्हेच असतात. अशा फाँटमध्ये केलेल्या तालिका युनिकोडमध्ये रूपांतरित केल्याविना वेबवर ठेवणे म्हणजे कुलूपबंद कपाट दर्शनी भागात ठेवण्यासारखे आहे. युनिकोडमध्येही सावधगिरी लागते. वर्धा नदी ओलांडली की सुरू होणाऱ्या ‘वऱ्हाड’ या शब्दातील अर्धा र दोन निराळ्या क्रमांकमालिकांनी टंकित होऊ शकतो. दोन्ही शब्द डोळ्यांना सारखेच दिसतात, पण प्रणालीने त्यांचे एकीकरण केलेले नसेल तर एकाच्या शोधात दुसरा येत नाही. शिवाय १९६२ च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीच्या पुस्तकांत ‘कांहीं’, ‘नाहीं’ अशी अनुस्वारयुक्त रूपे सर्रास असल्याने शीर्षक मूळ रूपात नोंदवून सोबत आजचे रूपही देणे आवश्यक ठरते. हे बारकावे परदेशी प्रणालीच्या निर्मात्याला माहीत असण्याचे कारण नाही. ते मराठी ग्रंथपालालाच ठाऊक असतात आणि त्यानेच ते प्रणालीत उतरवायचे असतात.

विश्वास आणि अधिकार

वेबवर आलेली प्रत मूळ प्रतीइतकीच प्रामाणिक आहे का, हा प्रश्न वर्ध्याशी निगडित साहित्याच्या बाबतीत प्रत्यक्षात उद्भवलेला आहे. महात्मा गांधींच्या समग्र वाङ्मयाचे इंग्रजी शंभर खंड भारत सरकारच्या प्रकाशन विभागाने १९५८ ते १९९४ या काळात प्रसिद्ध केले; के. स्वामिनाथन हे दीर्घकाळ त्याचे प्रमुख संपादक होते. विसाव्या शतकाच्या अखेरीस या खंडांची नवी, सुधारित म्हटलेली आवृत्ती आणि तिची सीडी निघाली, तेव्हा मूळ खंडांतील अनेक नोंदी तिच्यात नसल्याचे अभ्यासकांनी दाखवून दिले. हा वाद वाढून शासनाने २००५ मध्ये ती आवृत्ती मागे घेतली. पुढे मूळ आवृत्तीबरहुकूम तयार केलेली इलेक्ट्रॉनिक प्रत दीना पटेल यांच्या मार्गदर्शनाखाली गुजरात विद्यापीठात सिद्ध होऊन २०१५ मध्ये प्रकाशित झाली, आणि २०१३ मध्ये सुरू झालेल्या ‘गांधी हेरिटेज पोर्टल’ या साबरमती आश्रमाच्या संकेतस्थळावर ती वाचता येते. छापील पुस्तकातून पान गळले तर रिकामी जागा दिसते. इलेक्ट्रॉनिक मजकुरातून परिच्छेद गळला तर त्याचा मागमूसही राहत नाही. म्हणून कोणती आवृत्ती, कोणत्या प्रतीवरून, कोणी आणि केव्हा तयार केली, ही अधिमाहिती, म्हणजे माहितीविषयीची माहिती, नोंदवणे हे वेबवरील ग्रंथालयाचे पहिले कर्तव्य ठरते.

दुसरे कर्तव्य कायद्याचे आहे. भारतीय प्रताधिकार कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनावरील हक्क त्याच्या निधनानंतर ६० वर्षांपर्यंत, कॅलेंडर वर्षाच्या अखेरीपर्यंत, टिकतो. त्यामुळे गांधींचे असे लेखन १ जानेवारी २००९ पासून सर्वांसाठी मुक्त झाले. पवनार येथे नोव्हेंबर १९८२ मध्ये निधन पावलेल्या विनोबांचे लेखन मात्र २०४२ च्या अखेरीपर्यंत संरक्षित आहे, आणि ते वेबवर ठेवायचे तर हक्कधारकाची परवानगी लागते. तथापि, २०१२ च्या दुरुस्तीने सार्वजनिक, नफा न कमावणाऱ्या ग्रंथालयाला आपल्याकडे छापील प्रत असलेल्या ग्रंथाची जतनासाठी इलेक्ट्रॉनिक प्रत ठेवण्याची मुभा दिलेली आहे. जतन करणे आणि प्रसृत करणे यांतील हा भेद नीट समजला, तर वाळवी आणि विदर्भातील उन्हाळा यांच्या तडाख्यात सापडलेल्या जीर्ण पुस्तकांचे स्कॅनिंग करण्यास ग्रंथपालांनी कचरण्याचे कारण उरत नाही.

जिल्ह्याची एक तालिका

वर्ध्याच्या गोपुरीतील गीताई मंदिरात विनोबांची गीताई उभ्या शिळांवर कोरलेली आहे. शिळेवरचे अक्षर एकदा कोरले की निगराणीविना दीर्घकाळ टिकते. वेबवरचे अक्षर नेमके उलट असते, ते सतत सांभाळले तरच टिकते. संकेतस्थळाचे वार्षिक शुल्क भरायचे राहिले, ते सांभाळणारा कर्मचारी निवृत्त झाला किंवा पानाचा पत्ता बदलला की त्यावर ठेवलेले सारे वाचकाच्या दृष्टीने नाहीसे होते. म्हणून वेबतंत्राचा स्वीकार हा एका दिवसाच्या उद्घाटनाचा विषय नसून ती निगेची कायमची जबाबदारी आहे, आणि एकट्या लहान ग्रंथालयाला ती पेलत नसेल तर ती वाटून घेणे हाच मार्ग आहे. वैद्यकीय महाविद्यालय, विद्यापीठ, गांधीविचाराच्या संस्था आणि तालुक्यांतील वाचनालये यांच्या नोंदींची एकच सामायिक तालिका जिल्ह्याच्या पातळीवर उभी राहिली, तर आर्वीच्या किंवा हिंगणघाटच्या वाचकाला हवे असलेले दुर्मीळ पुस्तक जिल्ह्यात नेमके कोठे आहे हे घरबसल्या कळेल, आणि मोठ्या संस्थांचे तांत्रिक कौशल्य लहान वाचनालयांच्या उपयोगी पडेल.

डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच नियमांपैकी चौथा वाचकाचा वेळ वाचवण्याविषयी आहे आणि पाचवा ग्रंथालयाला वाढत्या सजीवाच्या रूपात पाहतो. नवे तंत्र घ्यावे की नाही, याचा निर्णय या दोन नियमांच्या आधारे आजही करता येतो : वाचकाचा वेळ वाचत असेल आणि ग्रंथालयाच्या अंगी ते वाढीसारखे लागत असेल तर ते घ्यावे, निव्वळ अलंकार म्हणून मिरवायचे असेल तर घेऊ नये. अशा सामायिक तालिकेचा आरंभही महागड्या यंत्राने होण्याची गरज नाही. जिल्ह्यातील गावांची, माणसांची आणि संस्थांची जुनी-नवी नावे एकमेकांशी जोडणारी प्रमाण यादी युनिकोड मराठीत तयार करणे हे तिचे पहिले काम आहे, आणि त्या यादीतील पहिली नोंद ‘सेगाव, पाहा सेवाग्राम’ ही असायला हरकत नाही.